पुनरावर्ती स्तंभ

संबंधाधिष्ठित (माहिती ओळी-स्तंभांच्या तक्त्यांत ठेवणाऱ्या) डेटाबेसच्या एका तक्त्यात एकाच प्रकारची माहिती अनेक शेजारी-शेजारी स्तंभांत मांडण्याची पद्धत. उदा., मासळी उतरते त्या बंदराच्या तक्त्यात तारीख, बंदर व नौका यांच्यापुढे बांगडा, तारली, सुरमई, पापलेट, बोंबील, कोळंबी, माकूल असे स्तंभ ओढून प्रत्येकाखाली किलो भरणे. किंवा पर्जन्यनोंदीत १ ते ३१ तारखांना ३१ स्तंभ देणे. कागदी वहीची आखणी बहुधा अशीच आडवी असते. ती जशीच्या तशी संगणकात उतरवली की हे स्तंभ तयार होतात.

पद्धतीचा उगम एका ठिकाणी दाखवता येत नाही. कोबोल या जुन्या संगणकभाषेतील ‘ऑकर्स’ या उपवाक्याने एकाच अभिलेखात तोच घटक अनेकदा ठेवता येतो. ‘पुनरावर्ती गट’ ही संज्ञा बहुधा त्याच फाइल-परंपरेतली असावी. संबंधाधिष्ठित प्रारूपाचे जनक एडगर एफ. कॉड यांनी जून १९७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात कर्मचाऱ्याच्या नोंदीत गुंतलेला नोकरीचा इतिहास, त्याच्या पोटातला पगाराचा इतिहास आणि मुलांची यादी सुटी करून वेगवेगळ्या संबंधांत (काटेकोर नियम पाळणाऱ्या तक्त्यांत) मांडून दाखवली. त्या निबंधात ‘प्रसामान्य रूप’ (तक्त्याची नियमबद्ध मांडणी) आहे, मात्र ‘पहिले’ हे विशेषण नाही. क्रमांक पडले ते १९७१–७२ च्या सुमारास, दुसऱ्या व तिसऱ्या रूपांची मांडणी झाली तेव्हा.

मासा १, मासा २, मासा ३ असे स्तंभ पहिल्या प्रसामान्य रूपाचा (प्रत्येक घरात एकच मूल्य, या नियमाचा) भंग करतात काय, यावर मतभेद आहेत. पुष्कळ पाठ्यपुस्तके तसे मानतात. डेटाबेस-विषयाचे लेखक सी. जे. डेट यांच्या मते पुनरावर्ती गट म्हणजे एकाच स्तंभाच्या एका घरात अनेक मूल्ये असणे. अनेक स्तंभांत प्रत्येकी एक मूल्य असेल तर तेवढ्याने व्याख्येचा भंग होत नाही. घरे रिकामी, म्हणजे ‘नल’, राहिली तर मात्र त्यांच्या लेखी तो तक्ता संबंधच उरत नाही. डेट यांची मांडणी अधिक काटेकोर वाटते. पण त्यामुळे असा तक्ता चांगला ठरत नाही: माशाची जात ही खरे तर माहिती आहे, आणि इथे ती स्तंभाच्या नावात जाऊन बसते. हॅडली विकहॅम यांनी २०१४ च्या लेखात संख्याशास्त्राच्या बाजूने हाच दोष दाखवला.

दोष खरा जाणवतो तो माहिती विचारताना. समजा हर्णै बंदरातील एका नौकेच्या ओळीत बांगडा १२०, माकूल ४० आणि सुरमईचे घर रिकामे आहे. तिन्ही स्तंभ अधिक चिन्हाने जोडले तर उत्तर १६० येत नाही, नल येते. म्हणून प्रत्येक स्तंभाला ‘कोअलेस’ लावून रिकाम्या जागी शून्य धरावे लागते. सर्वांत मोठा आकडा काढणारे ‘ग्रेटेस्ट’ मायएसक्यूएल व ओरॅकल या डेटाबेस-प्रणालींमध्ये एका नलमुळे नलच देते, तर पोस्टग्रेसमध्ये नल वगळून १२० देते. तोच प्रश्न, तीच ओळ, उत्तरे दोन. ‘कोणताही मासा ५०० किलोंहून जास्त कधी आला?’ एवढे विचारायला प्रत्येक जातीची अट ‘ऑर’ने (‘किंवा’ने) जोडावी लागते, आणि उद्या मांदेलीचा स्तंभ वाढला की जुन्या सर्व क्वेऱ्या (माहिती मागणारे आदेश) मांदेली सोडून बेरीज करत राहतात. अशी चूक कुठेही त्रुटीसंदेश देत नाही. म्हणूनच ती गंभीर मानली पाहिजे.

रिकाम्या घराचा अर्थही निश्चित नसतो. मासा मिळाला नाही, वजन झाले नाही, की पावसाळी बंदीमुळे नौका गेलीच नाही? पर्जन्यतक्त्यात ३० फेब्रुवारीचे घर रिकामे असते ते ती तारीखच नसल्यामुळे.

उपाय म्हणजे उभी मांडणी: फेरीचा एक तक्ता, जातींचा दुसरा, आणि तिसऱ्यात फेरी, जात व किलो यांची एकेक ओळ. येथे बेरीज करणारे ‘सम’ नल आपोआप वगळते आणि नवी जात आली तर फक्त ओळ वाढते. पापलेटला किनाऱ्यावर सरंगाही म्हणतात. जातींच्या तक्त्यात दोन्ही नावे एकाच क्रमांकाशी जोडता येतात, आडव्या तक्त्यात त्यांचे दोन स्तंभ होऊन बसण्याचा धोका असतो. जुना आडवा तक्ता उभा करण्यासाठी ओळी एकाखाली एक जोडणारे ‘यूनियन ऑल’ किंवा, एसक्यूएल सर्व्हर व ओरॅकलमध्ये, ‘अनपिव्हट’ वापरतात. अनपिव्हट रिकामी घरे गाळते. ओरॅकलमध्ये ती राखण्याचा पर्याय आहे.

स्तंभसंख्येला मर्यादाही आहेत: पोस्टग्रेसमध्ये जास्तीत जास्त १६००, एसक्यूएल सर्व्हरच्या साध्या तक्त्यात १०२४, मायएसक्यूएलमध्ये ४०९६. आडवी मांडणी सर्वत्र त्याज्य नाही. बारा महिन्यांसारखी संख्या कायमची ठरलेली असेल किंवा छापील अहवाल काढायचा असेल, तर ती सोयीची ठरते. मूळ माहिती उभी ठेवून आडवे रूप ‘व्ह्यू’मधून (साठवलेल्या क्वेरीतून दिसणाऱ्या तक्त्यातून) द्यावे. उलट, सगळेच गुणधर्म ‘नाव’ व ‘मूल्य’ अशा दोन स्तंभांत कोंबणे हा दुसरा अतिरेक होय. त्यात आकडा, तारीख व मजकूर एकाच स्तंभात येतात आणि प्रकारांची तपासणी डेटाबेसच्या हातून सुटते.