शब्दांची रांग, आकृतीतली जागा

क, ख, ग, घ आणि च अशी पाच दातेरी चाकं आहेत. घ चे दाते च मध्ये अडकलेत. क आणि ख एकमेकांना भिडलेली आहेत. ग घ ला फिरवतं, ख ग ला. क घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरलं, तर च कसं फिरेल?

हे वाचताना नजर सारखी मागे जाते. आता पाच वर्तुळं ओळीने काढा. शेजारची चाकं उलट फिरतात, एवढं ठाऊक असलं की बोट ठेवत जायचं: सुलट, उलट, सुलट, उलट, सुलट. नवी माहिती काडीचीही मिळाली नाही, तरी उत्तर समोर आलं.

असं का होतं, याचा छडा जिल लार्किन आणि हर्बर्ट सायमन या संशोधकांनी १९८७ साली लावला. त्यांनी घेतलेल्या उदाहरणांत कप्प्या, दोर आणि वजनांचं एक गणित होतं. मजकुरात माहिती एकामागून एक येते, त्यामुळे तिसऱ्या वाक्यातल्या दोराचं दुसरं टोक नवव्या वाक्यात सापडतं. आकृतीत ते डोळ्यांसमोरच असतं. म्हणजे आकृती वाचवते ती मुख्यतः शोधाशोध. आणि ही बचत फार मोलाची आहे, कारण आपल्या कार्यस्मृतीत, म्हणजे विचार करताना माहिती तात्पुरती धरून ठेवणाऱ्या स्मृतीत, एका वेळी जेमतेम चारेक गोष्टी मावतात. त्यातली जागा शोधाशोधीनेच अडवली, तर विचार करायला उरतं काय?

म्हणूनच पाठ्यपुस्तकांतल्या काही आकृत्या पाहून जीव तुटतो. हृदयाचं सुरेख चित्र, त्यावर १ ते १२ आकडे आणि त्यांची नावं खाली वेगळ्या यादीत! वाचकाला ७ पाहायचा, खाली जायचं, नाव वाचायचं, परत वर येऊन ७ हुडकायचा. शिक्षण-मानसशास्त्रज्ञ जॉन स्वेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयोगांत हीच फरफट शिकण्याच्या आड येताना दिसली. नावं त्या-त्या भागावरच लिहिली की ती थांबते.

मजकुराची रांगच मोडली तर? टेड नेल्सन यांनी १९६५ साली अशा लिखाणाला ‘हायपरटेक्स्ट’ हे नाव दिलं: हव्या त्या दुव्यावरून हवं तिकडे जा. विषयाच्या जाणकाराला हे सोयीचं पडतं, कारण आराखडा त्याच्या डोक्यात आधीच असतो. नवखा मात्र चार उड्यांत भरकटतो. कशाचा कशाशी संबंध आहे आणि आपण आत्ता कुठे आहोत, हे दाखवणारा नकाशा त्याला सुरुवातीलाच हाताशी हवा. त्यात मोजक्याच रेषा असाव्यात. सगळं सगळ्याला जोडलं की नकाशाचाच गुंता होतो.

लार्किन आणि सायमन यांच्या निबंधाचं शीर्षक होतं ‘आकृती (कधीकधी) दहा हजार शब्दांच्या मोलाची का असते’. त्यातला कंसात घातलेला ‘कधीकधी’ हा शब्द मला फार महत्त्वाचा वाटतो. ‘दोर तुटला नसता तर’ किंवा ‘यांपैकी एकही चाक लाकडी नाही’ हे चित्रात कसं काढणार? नकार, शंका, जर-तर यांना वाक्यच लागतं. चाकं कागदावर काढावीत, त्यांच्या अटी शेजारी लिहाव्यात.