सिडनीत ग्रॅनी फ्लॅट भाड्याने घेताना अर्ज कुठे अडतो

सिडनीच्या पश्चिमेला ब्लॅकटाउन, वेस्टमीडकडे बंगल्यामागच्या परसात एका बेडरूमचे ग्रॅनी फ्लॅट, म्हणजे छोटी स्वतंत्र घरं, बरेच दिसतात. न्यू साउथ वेल्सच्या नियमानुसार ते साधारण ६० चौरस मीटरच्या आतले. घर आधी डोळ्यांनी बघा, मग अर्ज ऑनलाइन भरा. पासपोर्ट, व्हिसा, पगाराच्या स्लिपा आणि बँक स्टेटमेंट जोडायचं.

घोडं अडतं ते रेंटल लेजरपाशी, म्हणजे आधीच्या घराचं भाडं वेळेवर भरल्याचा एजंटचा हिशेब. नुकत्याच विमानातून उतरलेल्या माणसाकडे तो कुठून असणार? पण अर्जात रकाना असतोच आणि आपली मंडळी तो कोरा सोडतात. सोडू नका. पुण्या-ठाण्याच्या घरमालकाचं इंग्रजी पत्र (ईमेल, फोनसह), कंपनीचं ऑफर लेटर आणि शिल्लक दाखवणारं स्टेटमेंट लावा. सध्या मित्राकडे राहत असाल तर त्याचंही पत्र चालेल.

भाडं आठवड्याचं सांगतात. आठवड्याला ५०० डॉलर म्हणजे महिन्याला २००० नव्हे, सुमारे २१६७. बजेट इथेच चुकतं.

बॉण्ड, म्हणजे डिपॉझिट, जास्तीत जास्त चार आठवड्यांचं भाडं. ते ‘रेंटल बॉण्ड्स ऑनलाइन’ या सरकारी वेबसाइटवर थेट भरता येतं आणि सरकारकडे जमा राहतं. ग्रॅनी फ्लॅट बऱ्याचदा मालक स्वतःच देतो, त्यात तो आपल्याकडचा निघाला की रोख रक्कम हातात ठेवली जाते, पावतीचं कोणी बोलत नाही. बोला हो! मालकाने पैसे घेतले तर १० कामकाजाच्या दिवसांत ते जमा करणं त्याला बंधनकारक आहे.

कंडिशन रिपोर्ट, म्हणजे राहायला येताना घर कुठल्या अवस्थेत होतं त्याची नोंद, मात्र तुम्हाला भरून ७ दिवसांत परत द्यायचा असतो, आणि त्यात शनिवार-रविवारही मोजतात. लोक इथेही कामकाजाचे दिवस धरतात आणि मुदत हुकवतात. भिंतीवरचा डाग, हललेली टाइल, सगळं लिहा, फोटो काढा. नाहीतर घर सोडताना आधीचे डाग तुमच्या नावावर लागायचे.

सही करण्याआधी दोन गोष्टी विचाराच. बांधकामाला रीतसर मंजुरी आहे ना? गॅरेजमध्ये ओटा बसवून ‘ग्रॅनी फ्लॅट’ म्हणणारेही आहेत. आणि विजेचं मीटर वेगळं आहे का? नसेल तर पुढच्या बंगल्याच्या बिलातला ‘अर्धा वाटा’ तुमच्याकडून मागता येत नाही. वेगळं मीटर असेल तरच विजेचं बिल भाडेकरूचं.