समुद्र सगळं पोटात घेतो?

"गाव लहान, समुद्र अथांग, मीठच जंतू मारतं, मग सांडपाण्यावर प्रक्रिया कशाला?" किनाऱ्यावर हा युक्तिवाद हमखास ऐकू येतो. तो अर्धाच खरा. ई. कोलाय, म्हणजे विष्ठेतून येणारे आतड्यातले जंतू, खाऱ्या पाण्यात लवकर मरतात, तेही मिठापेक्षा उन्हामुळे जास्त. एन्टरोकोकाय हे आतड्यातलेच दुसरे जंतू मात्र चिवट; म्हणूनच अनेक देशांत समुद्रस्नानाच्या पाण्याची तपासणी त्यांच्यावरून होते. उलट्या-जुलाब घडवणारा नोरोव्हायरस आणि काविळीचा हिपॅटायटिस ए हे विषाणू त्याहून हट्टी. कालवं दिवसभर पाणी गाळून खातात आणि हे विषाणू त्यांच्या पोटात साठत जातात. वरून कितीही धुवा, जात नाहीत. विरळ होण्याचं म्हणाल, तर बंदिस्त खाडीत भरतीबरोबर बरंचसं तेच पाणी परत येतं. आणि महागडी यंत्रणाच हवी असंही नाही. जागा असेल तर स्थिरीकरण तळी, म्हणजे सांडपाणी बरेच दिवस साठवून नैसर्गिकरीत्या शुद्ध होऊ देणारी उथळ तळी, पुरतात, फक्त गाळ वेळेवर काढावा लागतो.