उपग्रहचित्रातला पांढरा ढग म्हणजे पाऊस नव्हे

पावसाळ्यात इन्सॅट या भारतीय उपग्रहांचं चित्र फिरतं आणि सोबत ओळ येते: 'पांढरं तिथे मुसळधार.' ही समजूत चुकीची आहे. रात्रंदिवस मिळणारं नेहमीचं चित्र अवरक्त (डोळ्यांना न दिसणाऱ्या, उष्णतेच्या) किरणांचं असतं. त्यात पाऊस नव्हे, ढगाच्या माथ्याचं तापमान दिसतं. माथा जितका थंड, तितका रंग पांढरा. म्हणून उंचावरचे बर्फकणांचे विरळ ढग पांढरे दिसतात, खाली मात्र थेंबही नसतो. उलट कोकणात, घाटमाथ्यावर बुटक्या ढगांतूनही जोरदार पाऊस पडतो. त्यांचा माथा उबदार, म्हणून चित्रात नुसता करडा!

१७ फेब्रुवारी २०२४ ला सोडलेल्या इन्सॅट-३डीएसमुळेही हे बदललेलं नाही. सुमारे ३६,००० किलोमीटरवरून त्याचा इमेजर (प्रकाशाच्या सहा पट्ट्यांत चित्र घेणारा कॅमेरा) अवरक्तात साधारण ४ किलोमीटरचा एक ठिपका टिपतो. एवढ्यात अख्खं दादर मावतं. गल्लीचा अंदाज त्यातून काढू नये.

चित्र वाचताना आधी वेळ पाहा (यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ असेल तर साडेपाच तास मिळवा). दिवसा दृश्य प्रकाशाचं चित्र शेजारी ठेवा: दोन्हींत ठळक पांढरा तो जाड ढग, अवरक्तातच पांढरा तो बहुधा विरळ. पाऊस खरंच पडतोय का, हे मात्र मुंबईतल्या कुलाबा किंवा वेरावलीच्या डॉप्लर रडारवर (पावसाच्या थेंबांवरून परतणाऱ्या लहरी टिपणाऱ्या यंत्रावर) बघावं.