सत्तरच्या वर गेला की प्रोसेसर जळतो? काहून बाप्पा!
मे महिना लागला अन् नागपुरात पारा ४५ ला टेकला की कोणीतरी सांगतंच, पीसीचा प्रोसेसर ७० डिग्रीच्या वर गेला की संपला, कॅबिनेटचं झाकण काढ अन् डेझर्ट कूलर समोर लाव. असं काही नसते भाऊ. इंटेलच्या आय५-१२४०० ची मर्यादा १०० डिग्री आहे, एएमडीच्या रायझन ७००० वाल्या प्रोसेसरांची बहुतेक ९५, अन् तिथं पोचला तरी तो आधी स्वतःच स्पीड कमी करतो, फारच झालं तर पीसी बंद पडतो. खोली १५ डिग्रीनं तापली की प्रोसेसरही जवळपास तेवढाच चढतो, म्हणजे जानेवारीतला ६५ मे मध्ये ८० दिसणारच. कूलरची हवा थंड खरी, पण ओली, अन् तिच्यासोबत धूळ आत जाऊन चिकटते ते वेगळंच.

माझाच प्रोसेसर गेम खेळताना ९३ दाखवत होता (एचडब्ल्यूइन्फो नावाचं तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर लावून बघा, फुकट आहे). हीटसिंक (प्रोसेसरची उष्णता ओढणारा धातूचा ठोकळा) काढला तर पात्यांमध्ये धुळीची गोधडी, दोघांच्या मधली थर्मल पेस्ट सुकून खपली झालेली. पंखा बोटानं अडवून ब्रश मारला, जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून वाटाण्याएवढी नवी लावली, तोच गेम, तीच खोली, ८१.