कणीस न सोलता पारखताना

पावसाळ्यात म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात किंवा पणजीतल्या एखाद्या मोठ्या दुकानाच्या भाजी विभागात स्वीट कॉर्नचा ढीग लागला, की त्याच्या पायथ्याशी फाडलेल्या हिरव्या पानांचा पसारा हमखास दिसतो. ग्राहक कणीस उचलतात, वरची पाने निम्म्यापर्यंत खाली ओढतात, एखाद्या दाण्यात नख रुतवून चीक येतो का ते पाहतात आणि मनासारखे नसेल तर ते तसेच उघडे ढिगावर ठेवून पुढच्या कणसाकडे वळतात. यामागे कोणाचा वाईट हेतू नसतो. पैसे मोजायचे तर आतला माल पाहून घ्यावा, ही भावना स्वाभाविकच आहे. मात्र कणसाच्या बाबतीत ही तपासणी बहुतेक वेळा अनावश्यक असते आणि मागे टाकलेल्या कणसाचे तिच्यामुळे होणारे नुकसान भरून येत नाही.

खुडलेले कणीस जिवंत असते. त्याच्या दाण्यांचे श्वसन चालू राहते, त्यात साखर खर्च होते आणि उरलेल्या साखरेचे विकरांच्या मदतीने स्टार्चमध्ये रूपांतर होत राहते. या बदलाचा वेग तापमानावर अवलंबून असतो. नेहमीच्या गोड मक्यातील सुमारे ६० टक्के साखर ३० अंश सेल्सिअस तापमानात एका दिवसात स्टार्चमध्ये बदलू शकते, तर ० अंशाला हेच प्रमाण सुमारे ६ टक्के असते. बेळगावकडून घाट उतरून आलेला आणि गोव्याच्या दमट उकाड्यात दुपारपर्यंत उघड्यावर राहिलेला माल सकाळच्या मालाइतका गोड का लागत नाही, याचे उत्तर या आकड्यांत आहे. १९५३ साली अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाचे जॉन लॉफनन यांनी मक्यातील एका जनुकीय बदलाची उपयुक्तता दाखवून दिली. या बदलामुळे स्टार्च तयार होण्याची प्रक्रियाच मंदावते. त्यातून पुढे आलेले अतिगोड वाण मुळातच अधिक गोड असतात आणि त्यांची गोडी अधिक काळ टिकते. तरीही पाणी उडून जाण्यापासून कोणत्याही वाणाची सुटका नाही. कणसाच्या वजनात पाण्यामुळे अवघी २ टक्के घट झाली तरी दाण्यांना खळगे पडू लागतात.

पाने महत्त्वाची ठरतात ती इथे. ती दाण्यांना ऊन, वारा, धूळ आणि हाताळणी यांपासून वाचवतात. याला एक दुसरी बाजूही आहे, ती सांगायला हवी: टोकाकडची लांब पाने आणि लांब देठ स्वतः सुकत असताना दाण्यांतले पाणी ओढून घेतात, म्हणून काढणीनंतर ते छाटणे चांगले. परंतु दाण्यांना घट्ट लपेटून असलेली आतली पाने जागेवरच राहिली पाहिजेत. ती उघडली की दाण्यांवरची दमट हवा निघून जाते. नखाने फुटलेल्या दाण्यातून तर गोड रस बाहेर येतो आणि बुरशीला व जिवाणूंना वाट मिळते. गोव्यातल्या दमट हवेत तो दाणा लवकरच आंबतो.

मग आत काय आहे ते कळावे कसे? याचे उत्तर कणसाच्या शेंड्यावरील रेशमी केसांत सापडते, आणि मक्याच्या रचनेतली मला सर्वांत सुंदर वाटणारी गोष्टही तीच आहे. यातला प्रत्येक केस एकेका भावी दाण्याला जोडलेला असतो. परागकण केसावर पडतो, त्यातून निघालेली नलिका केसाच्या आतून साधारण एका दिवसात तळापर्यंत पोहोचते आणि तिथे दाणा धरतो. ज्या केसावर पराग पडत नाही, त्याच्या जागी दाणा भरत नाही. परागसिंचनानंतर केस सुकून तपकिरी होतात आणि केस बाहेर आल्यापासून साधारण तीन आठवड्यांनी दाणे चिकात येतात. म्हणून केसांची टोके तपकिरी आणि कोरडी, पण पानांत शिरतात तिथे ते फिकट व किंचित ओलसर असतील, तर कणीस खाण्याजोगे भरले आहे असे समजावे. केस संपूर्ण फिकट आणि ताजे असतील तर कणीस कोवळे आहे. काळे पडून बुळबुळीत झाले असतील तर ते शिळे आहे.

त्यानंतर पानांवरूनच अंगठा शेंड्यापासून देठाकडे हलक्या हाताने फिरवावा. भरलेल्या दाण्यांच्या रांगा स्पष्ट जाणवतात; पोकळ जागा असेल तर तीही कळते. शेंड्याला थोडी जागा रिकामी असली तरी चवीत काहीच कमी नसते. शेंड्याकडचे केस सर्वांत शेवटी बाहेर येतात आणि तोवर पराग संपत आलेला असतो, एवढेच त्याचे कारण. देठाचा काप फिकट व ओलसर असावा, पाने हिरवी आणि घट्ट असावीत, आणि सारख्या आकाराच्या दोन कणसांतले जड असेल ते घ्यावे.

अळीच्या भीतीनेही पुष्कळ लोक कणीस सोलतात. ही भीती निराधार नाही. २०१८ मध्ये कर्नाटकात प्रथम आढळलेल्या अमेरिकन लष्करी अळीने देशभर मक्याचे नुकसान केले आहे. परंतु अळी आपली खूण बाहेर ठेवते. पानांवर भोक किंवा केसांजवळ ओलसर भुश्यासारखी विष्ठा दिसली, तर ते कणीस बाजूला ठेवावे. केसांच्या वाटेने आत शिरलेली अळी बहुधा शेंड्याकडेच असते, आणि तेवढा भाग कापून टाकल्यावर उरलेले कणीस निर्धास्तपणे खाता येते.

इतके करूनही शंका उरली, तर विक्रेत्याला “एक कणीस उघडून दाखवता का?” असे विचारावे. एकाच शेतातून एकाच वेळी आलेल्या मालाची अवस्था साधारण सारखी असते, त्यामुळे ढिगातले एक पाहिले तरी पुरते. आपल्या हाताने पाने ओढली असतील तर ते कणीस आपल्याच पिशवीत जायला हवे. घरी आल्यावर ते पानांसकट फ्रिजमध्ये ठेवावे, आणि शक्य असेल तर त्याच संध्याकाळी उकडायला घेताना सोलावे.