काइटसर्फिंग : धोका फक्त उंच उड्यांत असतो का?

काइटसर्फिंग म्हणजे मोठ्या पतंगाच्या ओढीने फळीवरून पाण्यावर घसरण्याचा खेळ. त्यात ‘उंच उडणाऱ्यांनाच इजा होते, पाण्यावर नुसती ये-जा करणारा सुरक्षित’ हा समज बरीच वर्षं फिरतो आहे. उडी ठळकपणे दिसते, म्हणून तो पटतोही.

पण उंची हे धोक्याचं एकच माप आहे. पतंग डोक्यावर स्थिर असेल, तर उंच उडीतूनही माणूस बऱ्यापैकी हळू उतरतो. तोच पतंग हवेत गोल फिरवला, की तो खालच्या अर्ध्या फेरीत आडवा ओढतो आणि आदळणं जोरात होतं. फ्रीस्टाइलमध्ये (कसरतींच्या शैलीत) उंची कमी असते, पण हार्नेसचा (कमरेच्या पट्ट्याचा) हूक सोडलेला असल्याने बार (पतंग चालवायचा दांडा) ढकलून जोर कमी करता येत नाही; गुडघे आणि घोटे तिथे दुखावतात. लाटांवर दोऱ्या सैल पडून गुंतण्याची भीती. फॉइलवर, म्हणजे खाली पंखासारखं पातं असलेल्या फळीवर, असताना पडलात, तर ते धारदार पातं लागू शकतं.

आणि किनारा? पतंग चढवताना-उतरवताना जवळ वाळू, दगड, खांब असतात, पाण्याची गादी नसते. इथे शैलीचा प्रश्नच येत नाही.

पडताळणी सोपी आहे. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो : १२ नॉट्सचा (नॉट हे वाऱ्याच्या वेगाचं एकक) वारा २४ झाला, तर ओढ चौपट. दोऱ्या साधारण २० ते २४ मीटर असतात. वारा जिकडे वाहतो तिकडे दोऱ्यांच्या लांबीच्या दुप्पट, म्हणजे सुमारे ५० मीटर, मोकळी जागा आहे का ते पावलांनी मोजा. क्विक रिलीज (पतंगाची ओढ झटकन सोडवणारा खटका) दर वेळी आधी ओढून पाहा. वाळू अडकली की तो घट्ट होतो. वारा किनाऱ्याकडून समुद्राकडे वाहत असेल, तर साध्या ये-जा करणाऱ्यानेही पाण्यात उतरू नये.